घोड्याचं क्रियापद

साताऱ्याहून पुण्याला जाणाऱ्या रस्त्यावर, खंबाटकीचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या कुठल्याही चहाच्या टपरीपाशी थोडा वेळ थांबलं, की हे वाक्य कानावर पडतंच. "काय दामटली राव गाडी!" बोलणाऱ्याच्या आवाजात कौतुक असतं. दुसरा लगेच विचारतो, "किती वेळात आलास?" मग वेळ सांगितली जाते, आणि ती बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा पाच-दहा मिनिटं कमीच असते. टपरीवर ते कुणी तपासत नाही. दामटणं म्हणजे काय, हेही कुणाला समजावून द्यावं लागत नाही. गाडीच्या अंगात होतं तेवढं सगळं, आणि त्याच्याही वर थोडं, काढून घेतलं, एवढं त्या एका शब्दात आलं.

मराठीत वेगानं जाण्याला शब्द पुष्कळ आहेत. धावणं आहे, पळणं आहे, दौडणं आहे. पण ही क्रियापदं अकर्मक आहेत. माणूस धावतो, गाडी पळते, एवढ्यावर वाक्य पुरं होतं. दामटण्याचं तसं नाही. "मी दामटलो" असं कुणी म्हणत नाही. दामटायला कर्म लागतं, म्हणजे दामटणाऱ्याच्या हाताखाली, पायाखाली किंवा मांडीखाली कुणीतरी असावं लागतं. वेग एकाला हवा असतो आणि त्यासाठी दम दुसऱ्याचा जातो. हे या शब्दाच्या व्याकरणातच आहे, आणि म्हणूनच वेगावरच्या सगळ्या मराठी शब्दांमध्ये हा शब्द अधिक बारकाईनं पाहण्याजोगा आहे.

त्याची भावंडंही त्याच स्वभावाची. पोरं गाडी हाणतात, ताणतात, पिळतात, दाबतात, रेटतात. मोटारसायकलची मूठ पिळली जाते, मोटारीची रेस दाबली जाते. गॅरेजमध्ये ॲक्सिलरेटरला 'रेस' म्हणायची रीत आहे. "जरा रेस दे" म्हटलं, की मेकॅनिकचा पोऱ्या बरोबर तीच तार ओढतो. वेग वाढवण्याच्या भागाला शर्यतीचंच नाव मिळालं आणि बाकीची क्रियापदं मात्र मारण्याची, पिळण्याची, दडपण्याची राहिली. ओलं धुणं पिळायचं, ऊस पिळायचा आणि गाडीही पिळायची. या क्रियापदांना नुसतं जाणं पुरत नाही, काहीतरी काढून घ्यावं लागतं.

दामटण्याचा दुसरा संसार स्वयंपाकघरात आहे. दामटीचे लाडू ज्या घरात होतात तिथं दामटी म्हणजे काय ते लहान मुलालाही माहीत असतं. घट्ट भिजवलेलं पीठ हातानं थापून, दाबून जाडसर चपटं करायचं, तळायचं, मग कुटून त्याचा रवाळ चुरा करायचा आणि पाकात किंवा गुळात लाडू वळायचे. कुटण्याआधीचं ते दाबलेलं, चपटं, जाडसर प्रकरण म्हणजे दामटी. माणसालाही तसंच दाबता येतं. बैठकीत बोलायला उठलेल्याला दामटून खाली बसवतात. खोटं असलं तरी दामटून सांगतात. पिठाला, माणसाला आणि जनावराला लागू पडणारी ही एकच क्रिया आहे, समोरच्याचा आकार न जुमानता त्याला आपल्या मनासारखं करून घेण्याची. मोटारीच्या तळाशी असलेला रेसचा तो लोखंडी तुकडा जेव्हा पायानं खाली दाबला जातो, तेव्हा दाबणं आणि वेग हे दोन्ही अर्थ एका पावलाखाली येतात. शब्द वापरणाऱ्या कुणी हा विचार केला असेल असं नाही. भाषेला अशा जागा आपसूक सापडतात.

आणि मग ते घोडं.

"आपलंच घोडं दामटू नकोस" हे मराठी माणसानं ऐकलेलं नाही असा दिवस कमी. सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या बोलणीत, ग्रामपंचायतीत, संपादकीय बैठकीत, कुठंही एक माणूस असा असतोच, की जो दुसऱ्याचं ऐकून न घेता आपला मुद्दा पुढे रेटत नेतो. त्याच्याबद्दल हे म्हणतात. गंमत अशी, की इथे घोडा नाही, घोडं आहे. नपुंसकलिंगात घातलं की प्राणी लहान होतो, थोडा केविलवाणाही होतो. त्या बिचाऱ्या घोड्याला कुठं जायचंय हे कुणी विचारलेलं नाही, त्याच्या तोंडाला फेस आलाय, आणि वर बसलेला टाचा मारतोच आहे, असं चित्र त्या एका शब्दानं उभं राहतं. घोडी रस्त्यांवरून गेली, टांगे गेले, बहुतेकांनी जन्मात घोड्यावर मांड ठोकलेली नाही. तरी म्हण जिवंत आहे, कारण दामटणारे सवार जागोजाग आहेत.

दख्खनच्या घोड्याचा गुण वेग हा नव्हताच, हेही इथं सांगायला हवं. भीमा नदीच्या काठची, भीमथडीची तट्टं उंचीला कमी, दिसायला साधी. अरबी घोड्यापुढे ती कुणाच्या नजरेत भरली नसती. पण खडकाळ रान, थोडा चारा आणि लांबचा पल्ला या तिन्हींत ती टिकत. मराठ्यांच्या घोडदळाला जो लौकिक मिळाला त्यात या काटक जनावरांचा मोठा वाटा होता. मजल दरमजल जाणं हा शब्दच त्या चालीचा आहे. एक मजल मारायची, घोड्याला दाणापाणी करायचं, पाठ मोकळी करायची, मग पुढची मजल. अशा घोड्याचं कौतुक करायला मराठीत 'दमदार' हा शब्द होता. दम हा फारसीतून आलेला शब्द, त्याचा अर्थ श्वास. ज्याचा श्वास टिकतो तो दमदार. आता हा शब्द मोटारसायकलींच्या जाहिरातीत 'दमदार इंजिन' म्हणून येतो, आणि ज्याला श्वासच नाही अशा लोखंडाला आपण तो बिनदिक्कत लावतो.

घोड्यापेक्षाही अधिक काळ महाराष्ट्राच्या खेड्यात दामटला गेला तो बैल. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेडकडे बैलगाडा पळवायच्या जागेला घाट म्हणतात आणि पळण्याच्या पाळीला बारी. विदर्भात त्याच खेळाचं नाव शंकरपट. सातारा, सांगली, सोलापूरच्या माणदेशी पट्ट्यातला खिलार बैल शर्यतीसाठी नावाजलेला, पांढराशुभ्र, लांब शिंगांचा, हलक्या अंगाचा. गाडा सुटला, की भोंग्यावरून "झाली... भिर्रर्र!" अशी आरोळी उठते आणि हजारो माणसं एकदम जागची उभी राहतात. ज्यानं हा क्षण पाहिला आहे त्याला त्याची ओढ कळते. बैलाला लेकराप्रमाणं सांभाळणारे, त्याला खुराक घालणारे, त्याच्या नावानं गावात मिरवणारे शेतकरी तिथं असतात, हेही खरं. आणि शेपटी पिरगाळणं, पराणी टोचणं, विजेचा झटका देणं हे प्रकार झाले, हेही खरं.

सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूबरोबर या शर्यतीही थांबवल्या. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं अटींसह शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. एवढी वर्षं युक्तिवाद झाले ते परंपरेवर, संविधानावर, प्राण्यांच्या हक्कांवर. पण सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न गावच्या भाषेत एका ओळीचा होता. बैल पळतो, की बैल दामटला जातो? अकर्मक क्रियापद खरं, की सकर्मक? काठी, चाबूक, झटक्याची यंत्रं यांना मनाई करणाऱ्या अटी या खरं तर पहिल्या क्रियापदाच्या बाजूनं झुकण्याचा प्रयत्न आहेत.

गाडी आली तेव्हा हे सगळे शब्द तिच्यावर चढून बसले. मुंबईच्या रस्त्यावर मोटार दिसली ती १८९८ च्या सुमारास, आणि ती चालवायला नवी क्रियापदं घडवत बसायला कुणाला सवड नव्हती. बैलगाडी हाकतात, तशी मोटारही हाकली. संसाराचा गाडा हाकतात, तोही त्याच हातानं. वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी आज जे सरकारी संकेतस्थळ उघडावं लागतं त्याचं नाव 'सारथी' आहे. वेग आवरण्याबद्दलच्या बातमीला 'वेगाला लगाम' असा मथळा आजही सर्रास मिळतो. तोंडात लगाम असलेलं जनावर रस्त्यावर नाही, मथळ्यात मात्र आहे.

या सगळ्यांत सर्वांत जड झालेला शब्द 'भरधाव'. भरदुपार, भरपाऊस, भरबाजार यांत जो भर आहे तोच इथं. भरलेली, पूर्ण धाव. चारी पाय मोकळे सोडून उधळलेल्या घोड्याला शोभणारा हा शब्द. पूर्वी तो ऐकला की शौर्य आठवत असेल. आता वर्तमानपत्रात तो कुठं येतो ते पाहावं. भरधाव ट्रकची दुचाकीला धडक. भरधाव मोटारीनं पादचाऱ्यास उडवलं. पोलीस ठाण्यात अपघाताची फिर्याद लिहिली जाते तेव्हा "रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीनं, अविचारानं, भरधाव वेगात" ही शब्दांची माळ ठरलेली असते. पूर्वी त्यापुढे भारतीय दंड संहितेचं कलम २७९ यायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २८१ येतं. कलम बदललं, भरधाव तसाच राहिला. महाराष्ट्रात वर्षाला सुमारे १५ हजार माणसं रस्त्यावर मरतात. देशात २०२२ मध्ये १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली आणि त्यातल्या दहापैकी सातांच्या नावापुढे अतिवेग हे कारण लिहिलं गेलं. घोड्याच्या रुबाबाचा शब्द असा रोज पंचनाम्यात लिहावा लागतो, याचं वाईट वाटतं. शब्दाची त्यात काही चूक नाही.

घोड्याचा आणि इंजिनाचा फरक इथंच आहे. घोडा चौखूर उधळला तरी ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आसपास जातो, आणि तेही थोडाच वेळ. मग त्याची दमछाक होते. तो फेसाळतो, अडखळतो, शेवटी उभा राहतो. दामटणाऱ्याला थांबवणारी पहिली गोष्ट दामटलं जाणारं जनावर स्वतः होतं. मोटारीच्या रेसखाली असं कुणी नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगानं गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते, म्हणजे समोर काही दिसलं, मेंदूनं ओळखलं आणि पाय ब्रेककडे निघाला, एवढ्यातच तीन एसटी बसच्या लांबीइतकं अंतर संपलेलं असतं. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ती कुठंतरी उतरवावीच लागते, आणि ब्रेकला जेवढी पेलत नाही तेवढी पत्र्यात आणि हाडांत उतरते. नागपूर ते शिर्डी हा या रस्त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता सरळ आणि मोकळा आहे. अशा रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे असून लक्ष हरवतं. गाडी दमत नाही आणि चालकाला आपण दमलो हे कळत नाही, तेव्हा 'पुरे' म्हणायला उरतं कोण?

इंजिन मोजायचं मापही घोड्याचंच आहे. वाफेचं यंत्र किती घोड्यांचं काम करतं हे गिरणीमालकांना पटवून देण्यासाठी जेम्स वॉटनं अठराव्या शतकात ते रूढ केलं आणि मराठीत त्याची अश्वशक्ती झाली. मेट्रिक हिशेबानं ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायचं म्हणजे एक अश्वशक्ती. गावोगाव दिसणारी साधी १०० सीसीची मोटारसायकल सुमारे आठ अश्वशक्तीची असते. आठ घोडी जुंपून शेतावर दूध आणायला जाणारा माणूस पेशव्यांच्या काळात राजाच ठरला असता. १९७२ मध्ये बजाजनं पुण्याजवळ आकुर्डीत जी स्कूटर काढली तिलाही घोड्याचंच नाव दिलं, चेतक. राणाप्रतापाच्या ज्या घोड्यानं जखमी पायानं धन्याला रणातून बाहेर काढलं आणि मग प्राण सोडला असं सांगतात, त्याचं नाव. घरात चेतक यायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. पुढे उभं राहिलेलं पोर, मागे आडवी बसलेली आई आणि तिच्या मांडीवर धाकटं, असा अख्खा संसार तिनं वाहिला. चेतक दामटली असं मात्र फारसं कुणी म्हणालं नसेल. दामटायला ऐंशीच्या दशकात आरएक्स १०० ही मोटारसायकल आली. दोन स्ट्रोकचं ९८ सीसीचं ते हलकं इंजिन ११ अश्वशक्ती द्यायचं, आणि तिचा तो तडतडत चढत जाणारा आवाज गल्लीच्या टोकावरून ओळखू यायचा.

आवाज म्हटलं, की वेगाच्या शब्दांचं दुसरं घराणं आठवतं. हे जनावरांचं नाही, वाऱ्याचं आहे. सुसाट. सोसाट्याचा वारा कानाजवळून जाताना जो सूं आवाज करतो तोच या शब्दात आहे. गडगडाट, कडकडाट, फडफडाट, खणखणाट या शब्दांच्या शेवटी असलेलं 'आट' मराठीला फार आवडतं. आवाज पकडायचा आणि त्याला आट लावायचं, की शब्द तयार. भन्नाट हा असाच वाऱ्याचा शब्द. भन्नाट वारा सुटायचा, तो आता भन्नाट सिनेमा आणि भन्नाट मिसळीपर्यंत आला. कोल्हापूर-सांगलीकडे गाडी बुंगाट जाते, चिंगाट सुटते. बुंगाट तोंडात घोळवून पाहिला, की शब्द कशावर उभा आहे ते ऐकू येतं. ओठ मिटून सुटलेला 'बुं' जवळ येतो, 'गा' अगदी शेजारून जातो आणि 'ट' पाशी गाडी वळणाआड. २०१६ मध्ये 'सैराट'च्या गाण्यानं 'झिंगाट' घरोघरी नेला तेव्हा शहरातल्या माणसाला तो नवा वाटला असेल, पण हा कारखाना जुनाच आहे आणि चोवीस तास चालू आहे.

या घराण्यात कर्म नाही, हे लक्षात ठेवावं. गाडी सुसाट जाते, बुंगाट जाते. कुणी कुणाला दामटत नाही. हे शब्द रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचे आहेत. त्याच्या कानाजवळून काहीतरी गेलं आणि त्यानं तो आवाज शब्दात पकडला. दामटणं हे आसनावर बसलेल्याचं, सुसाट हे कडेला उभ्या असलेल्याचं. एकाच गाडीकडे पाहायच्या या दोन जागा.

पण आता आवाजच जायला लागला आहे. चेतक परत आली ती विजेवर, २०२० मध्ये. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली होती. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच मार्गावर एसटीची विजेवरची 'शिवाई' निघाली. जुन्या लालपरीचा गिअर बदलतानाचा कण्हण्यासारखा आवाज, चढावर लागलेली तिची धाप, खिडक्यांचा खडखडाट, हे सगळं ऐकत पिढ्या वाढल्या. चढावर एसटी दमली की आतले म्हातारेही पुढं झुकायचे, जणू त्यांच्या झुकण्यानं तिला हात लागेल. विजेची गाडी चढावर दमत नाही, निदान तसं ऐकू येत नाही. हिच्यासाठी सुसाट म्हणावं तर टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज उरतो, बुंगाट म्हणायला मात्र जीभ अडते. पोरं नवा शब्द काढतीलच, बहुधा काढलाही असेल, एखाद्या गावातल्या कट्ट्यावर.

मराठी मूल वाहनासाठी जो पहिला शब्द शिकतं तोही आवाजाचाच. "भुर्र जायचं?" म्हटलं की ते दोन्ही हात वर करतं. हे भुर्र मूळचं चिमणीचं, अंगणातून उडताना पंखांचं होतं ते. बाबांच्या गाडीचं भुर्र त्याच्यावर बसलं तेव्हा कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पुढं काही वर्षांत त्याच मुलाच्या हातात किल्ली येते आणि भुर्रचं बुंगाट होतं.

त्या दिवसापासून उंबऱ्यात एक दुसरा शब्द ऐकू येऊ लागतो. शहरात तो 'सावकाश' असतो, "हळू चालव, पोचलास की फोन कर." पश्चिम महाराष्ट्राच्या गावात तो 'बेतानं' असतो, नाहीतर 'दमानं'. दमानं म्हणजे दम घेत, श्वासाच्या चालीनं. बैलाला चढावर दम खाऊ द्यावा, घोड्याला मजलेवर दम खाऊ द्यावा, तसंच. दामटणं आणि दमानं या दोन शब्दांचं मूळ एक नसेल, पण गावच्या बोलण्यात ते समोरासमोर उभे असतात. संध्याकाळी कांद्याच्या पट्टीचा हिशेब करायला नातू बाजारगावी निघतो, किक मारतो, मूठ पिळतो. ओट्यावर बसलेली आजी तंबाखू चोळता चोळता मान वर करते आणि म्हणते, "दमानं रं बाबा, दमानं." तो "व्हय, व्हय" म्हणतो. गाडी पांदीच्या वळणापर्यंत सावकाश जाते, कारण तिथपर्यंत आजीला दिसतं. वळणाच्या पलीकडे ती फक्त ऐकू येते. आजी चोळता हात थांबवते आणि तो आवाज पुरता विरेपर्यंत कान देऊन बसते.